तारांचं दुखणं आणि टाचणवहीची मागची पानं

मी वाई तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी दातांना तारा बसवल्या, दोन वर्षं वागवल्या, आणि पुढे खालचे दात पुन्हा सरकले म्हणून अडीच महिने अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे पारदर्शक प्लास्टिकचे साचेही घातले. तारा लावण्याआधी मी भेटेल त्याला एकच विचारत होते, "दुखतं का हो?" उत्तरं दोनच मिळायची. "काही नाही गं, होते सवय," नाहीतर "अगं बाई, विचारू नकोस!" कधी दुखतं, किती तास दुखतं, कशानं कमी होतं, हे कोणीच सांगितलं नाही. म्हणून एका जुन्या टाचणवहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी नोंदी ठेवायला लागले: तारीख, वेळ, दुखणं दहापैकी किती, काय खाल्लं. हे सगळं त्या पानांवरून लिहितेय.

हौस म्हणून तारा लावल्या नाहीत. माझा वरचा डावा सुळा लहानपणापासून वर चढलेला, आणि खालचे पटाशीचे दात एकमेकांच्या अंगावर. त्या फटींत अन्न अडकायचं, हिरडीतून रक्त यायचं. २०२२ च्या मार्चमध्ये दोन दातांच्या मधोमध कीड निघाली. वाईच्या डॉक्टरांनी ती भरली आणि म्हणाले, "दात ओळीत आले नाहीत तर वर्षभरात शेजारच्यालाही लागेल." खासगीत ५५ हजार सांगितले होते. विम्याची पॉलिसी काढून पाहिली, तर अपघात सोडून दातांचे उपचार वगळलेल्या गोष्टींच्या यादीत. मग पुण्यातल्या एका डेंटल कॉलेजात जायचं ठरवलं.

११ जून २०२२, शनिवार. पहाटेच्या एसटीनं निघाले, नऊ वाजता कॉलेजात. केसपेपर ५० रुपये, आधारची झेरॉक्स, मग टोकन. तारांच्या विभागात थेट घेत नाहीत. आधी तपासणीच्या विभागात नोंद, तिथून दात साफ करायला दुसऱ्या मजल्यावर, तिथली सही घेऊन तिसऱ्या मजल्यावर. पूर्ण जबड्याचा आणि डोक्याच्या बाजूचा असे दोन एक्स-रे, मिळून ६०० रुपये. मग फोटो, आणि तोंडात गार लगदा दाबून दोन्ही जबड्यांचे साचे. साचा घेताना उमासे येतात. नाकानं श्वास घेत पायाचे अंगठे हलवत राहा असं तिथल्या मावशींनी सांगितलं, आणि त्याचा खरंच उपयोग झाला. बाहेर पडले तेव्हा तीन वाजले होते. डबा न्या, कारण एकदा टोकन घेतलं की उठता येत नाही.

खर्च २८ हजार ठरला: सुरुवातीला ८ हजार, पुढे दर महिन्याला एक हजार असे २० हप्ते. संमतीपत्र मराठीतही होतं. मुळं थोडी आखूड होऊ शकतात, स्वच्छता नीट ठेवली नाही तर दातांवर पांढरे डाग पडू शकतात, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं. मी ते बाकावर बसून दोनदा वाचलं. तुम्हीही सही करण्याआधी वाचा, आणि एक प्रश्न नक्की विचारा जो मी विचारला नाही: माझी केस बघणारे डॉक्टर कितव्या वर्षाला आहेत? तिथं एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करणारे विद्यार्थी उपचार करतात, वर प्राध्यापकांची देखरेख असते. तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा. माझ्या डॉक्टर तिसऱ्या वर्षाला होत्या. त्याचं पुढे काय झालं ते सांगते.

जागा करायला चार उपदाढा काढाव्या लागल्या. २५ जूनला डावीकडच्या दोन, ९ जुलैला उजवीकडच्या दोन. भूल दिल्यावर दुखत नाही, पण हाडातून येणारा करकर आवाज डोक्यात घुमतो. दुसऱ्या खेपेच्या दुसऱ्याच दिवशी आषाढी एकादशी होती. सासूबाईंनी भगरीची पातळ पेज करून गार करून ठेवली. शेंगदाण्याचं कूट नाही, गरम काही नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉ लावायची नाही. दोन दिवस तेवढ्यावर निघाले.

मला सगळ्यात जास्त चकवलं ते रबरी कड्यांनी. २३ जुलैला मागच्या दाढांच्या मधे निळ्या रंगाच्या बारीक रबरी रिंगा सरकवल्या. आठवड्यानं तिथं धातूची पट्टी बसवायची असते, तेवढी फट व्हावी म्हणून. पाच मिनिटांचं काम. आंब्याची शीर अडकल्यासारखं वाटलं, एवढंच. मनात म्हटलं, हेच का ते दुखणं! अकरा वाजता रिंगा घातल्या. तीनच्या सुमाराला एसटीनं शिरवळ मागे टाकलं आणि दाढा ठणकायला लागल्या. रात्री पोळीचा पहिला घास चावला आणि हात तसाच राहिला. दात किडल्यावर येते तशी कळ नव्हती ती. चारही बाजूंनी दाढा कुणीतरी आतून रेटतंय असं वाटत होतं. जीभ लागली तरी हुळहुळायचं. नवऱ्यानं वरणभात कालवून मिक्सरमधून काढला, तो गिळला. माझ्या वहीतला तारांचा सगळ्यात मोठा आकडा त्याच रात्रीचा आहे: ८. कोणीतरी आधी सांगितलं असतं की हे होणार आहे आणि बुधवारपर्यंत जाणार आहे, तर त्या रात्री मी रडले नसते.

३० जुलैला तारा बसल्या. दोन तास गाल ताणून धरलेले, दातांवर आंबट जेल, ते धुऊन तार अडकवायची एकेक चकती चिकटवून निळा प्रकाश. बसवताना काहीच दुखत नाही, आणि म्हणूनच माणूस फसतो. वहीतल्या नोंदी जशाच्या तशा देते. शनिवार संध्याकाळी सात, ३. रात्री अकरा, ५. रविवार सकाळी आठ, ७. रविवार दुपारी, ७, दुधात भिजवलेली भाकरीही लागतेय. सोमवार, ५. मंगळवार, ३. बुधवार, १. पुढच्या शनिवारी शून्य. नंतरच्या दोन वर्षांत जेव्हा जेव्हा तार बदलली किंवा घट्ट केली, तेव्हा दुखणं याच वाटेनं गेलं. चार-पाच तासांनी सुरू, दुसऱ्या दिवशी शिखर, चौथ्या-पाचव्या दिवशी उतार. आकडे मात्र दर खेपेला लहान होत गेले. सहाव्या महिन्यापासून ३ च्या वर क्वचितच गेले. हे वेळापत्रक कळल्यावर माझी भीती गेली. दुखायचं तेव्हा दुखायचंच, पण कुठल्या दिवशी पोळी खाता येईल हे मला आधीच माहीत असायचं. नोकरी करणाऱ्यांनी शक्यतो शनिवारची वेळ घ्यावी. शिखराचा दिवस रविवारी येतो, किरकोळ रजा वाचते.

त्या पहिल्या आठवड्यात दात हलतायत असं वाटून मी घाबरून डॉक्टरांना फोन केला होता. त्यांनी शांतपणे समजावलं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, त्याच्याभोवती पातळ तंतूंचं अस्तर असतं. तारेचा दाब पडला की एका बाजूचं अस्तर चेपतं, तिथला रक्तपुरवठा आवळला जातो, सूज आणणारी रसायनं सुटतात. त्यांनी दुखतं, आणि त्यांच्यामुळेच त्या बाजूचं हाड विरघळून दाताला वाट मिळते. "थोडं हलणारच मॅडम, हलला नाही तर सरकेल कसा?" याच कारणानं त्यांनी दुखण्यावर आयबुप्रोफेनऐवजी पॅरासिटामॉल सांगितली. आयबुप्रोफेन तीच रसायनं दाबते. पुढे मी भेटीच्या तासभर आधी, पोटात काहीतरी घालून, एक गोळी घ्यायचे. पहिली रात्र सोपी जायची. तुमचं औषध तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः रक्तदाब किंवा यकृताचं काही असेल तर.

तोंडातले फोड हे वेगळं प्रकरण, आणि मला वाटतं दातांपेक्षा त्यांनीच जास्त लोक जेरीस येतात. दुसऱ्या आठवड्यात दातांचं दुखणं थांबलं आणि गालांचं सुरू झालं. मी दिवसाचे पाच-सहा तास बोलते, दर शब्दाला गाल चकत्यांवर घासायचा. कॉलेजातून मेणाची डबी मिळाली होती, पण ते मेण टिकेचना. दोन वाक्यांत सुटून जिभेवर यायचं. तिसऱ्या दिवशी युक्ती सापडली. चकती आधी टिश्यूनं कोरडी करायची, मुगाच्या दाण्याएवढं मेण बोटांत मळून मऊ करायचं आणि मग दाबायचं. ओल्या चकतीवर ते धरतच नाही. दिवसातून चारदा कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, जेवणाआधी फोडांवर लावायचं जेल. ठेचा आणि लिंबू महिनाभर बंद. पाच आठवड्यांत गाल आतून निबर झाले आणि मेणाची डबी दप्तरात तशीच पडून राहिली.

खाण्याचं लवकर जमलं. ३१ ऑगस्टला गणपती आले तेव्हा उकडीचे मोदक निवांत खाल्ले. दिवाळीत चकली फोडून, तोंडात भिजवून. हळदीनं मात्र घात केला: चकत्यांवर तार धरून ठेवणारी बारीक रबरं मी पारदर्शक निवडली होती, तिसऱ्याच दिवशी पिठलं खाल्लं आणि सगळी पिवळीधमक. ती महिन्यानं भेटीतच बदलतात. राखाडी रंग घ्या.

मुलांचा पहिला प्रश्न होता, "बाई, तुमच्या दातांना काय झालं?" मी त्यांना तारेचा धडाच दिला. सुरुवातीची तार निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते, तिला आपला मूळ आकार आठवतो. हा धातू १९६० च्या आसपास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला आणि १९७० च्या दशकात दातांसाठी वापरात आला. डॉक्टरांनी न वापरलेल्या तारेचा बोटभर तुकडा दिला होता. मी तो गार पाण्यात धरून वेडावाकडा केला, मुलांच्या हातात फिरवला, आणि थर्मासातल्या गरम पाण्यात सोडला. तार झटकन सरळ झाली. पहिल्या बाकावरचा मुलगा दचकून मागे सरकला. मलाही त्याच दिवशी उलगडलं की चहाच्या पहिल्या घोटाला दात का आवळतात आणि माठातल्या पाण्यानं का बरं वाटतं. माझी तार उष्णतेला ताठ होणारी होती. दुखण्याच्या दोन दिवसांत मी चहा कोमट करून प्यायचे, आणि गार पाण्याचा घोट तोंडात धरून ठेवायचे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वेळापत्रक पहिल्यांदा चुकलं. तार बदलून दहा दिवस झाले तरी खालचा एकच दात दुखायचा, आकडा ४ वर अडकलेला, आणि गार पाण्यानं उलट कळ यायची. वही नसती तर मी "होईल कमी" म्हणून सोडून दिलं असतं. वाट न पाहता गेले. तोंड मिटताना वरचा दात थेट खालच्या चकतीवर आदळत होता. मागच्या दाढांवर निळ्या सिमेंटचे छोटे उंचवटे चढवले आणि दोन दिवसांत दुखणं गेलं. मग तीन महिने फक्त दोन दाढा टेकायच्या, घास दळला जायचा नाही, वजन अडीच किलो उतरलं. पण तो दात वाचला. आठवडा उलटूनही एकच दात दुखत राहिला, रात्री आपोआप ठणकला, किंवा हिरडी सुजली, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

मे महिन्यात माझ्या डॉक्टर परीक्षा देऊन बाहेर पडल्या. माझी फाइल नव्या विद्यार्थ्याकडे जायची होती, पण ती कोणाच्या कपाटात आहे हे कोणालाच सांगता येईना. सात आठवडे भेट नाही. मधेच एका गुरुवारी वर्गात शिकवताना तारेचं मागचं टोक दाढेवरच्या धातूच्या नळीतून बाहेर सरकून गालात रुतलं. मेण टिकेना. शेवटी पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकानं तार आत दाबली, वर ओलसर कापूस ठेवला, आणि शाळा सुटल्यावर वाईच्या डॉक्टरांकडून ती कापून घेतली. २०० रुपये. नेलकटरनं स्वतः कापू नका. तुकडा गिळला जाण्याची भीती असते. फाइल पुढे सापडली, पण तेव्हापासून प्रत्येक भेटीनंतर मी केसपेपरचा आणि पावत्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवते. त्या वर्षी एक चांगलं झालं: मार्चपासून महिलांना एसटीचं अर्धं तिकीट लागू झालं होतं, महिन्याची फेरी निम्म्यात पडायला लागली.

ऑक्टोबर २०२३ पासून रबर बँड. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत स्वतः अडकवायचे, रोज नवे. इथं माझी चूक अशी झाली की शाळेत काढायचे आणि रात्रीच घालायचे. रोज रात्री दुखणं पहिल्या दिवसासारखं, शिवाय कानापुढचा सांधा अवघडलेला. सलग घालायला लागले तेव्हा चार दिवसांत दुखायचंच थांबलं. अर्धवट घातल्यानं दुखणं रोज नव्यानं सुरू होतं, हा धडा पुढे अलाइनरला कामी आला.

२४ ऑगस्ट २०२४ ला तारा निघाल्या. पक्कड लागली की चकती कट् करून सुटते. खालच्या पुढच्या दातांना तेवढी झिणझिण होते. तेव्हा कापसाचा बोळा दातांत घट्ट धरायचा. मग दात पुन्हा सरकू नयेत म्हणून खालच्या दातांना आतून कायमची बारीक तार चिकटवली, वरच्यांना रात्री घालायचा रिटेनर दिला. दोन्हीचे २,५०० वेगळे. घरी आल्यावर बराच वेळ मी नुसती जीभ दातांवरून फिरवत बसले होते. गुळगुळीत.

जानेवारी २०२५ मध्ये संक्रांतीची चिक्की खाताना ती आतली तार एका बाजूनं सुटली. शाळेत शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी चालू, मग वार्षिक परीक्षा. मी एप्रिलमध्ये गेले. तोपर्यंत खालचा एक दात स्पष्ट दिसेल इतका वळला होता. याचं मला आजही वाईट वाटतं. दोनशे-तीनशे रुपयांत पुन्हा चिकटली असती ती तार. ती सुटली तर आठवड्याच्या आत जा.

या वेळी फक्त खालच्यांसाठी अलाइनर घेतले. आठ साचे, प्रत्येकी दहा दिवस, ३६ हजार. १२ एप्रिलला स्कॅन झालं, यात लगदा नाही, छोटा कॅमेरा तोंडात फिरवतात. ३ मेला साचे आले. त्याच दिवशी तीन दातांवर दातांच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवले, साच्याला पकड मिळावी म्हणून, आणि दोन दातांच्या मधे पट्टीनं किंचित घासलं. घासताना दुखत नाही, नुसता आवाज येतो.

दुखणं तारांपेक्षा कमी, हे नक्की. पहिल्या साच्याला सगळ्यात मोठा आकडा ४, पुढच्यांना २ किंवा ३, तेही दीड दिवस. पण जागा वेगळी. घातलेला असताना नुसता दाब जाणवतो, काढताना दुखतं. पहिल्या रात्री जेवायच्या वेळी तो निघेचना. मी पुढून ओढत होते आणि दुखऱ्या दातांवरच सगळा जोर येत होता, डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर दाखवलं: एका बाजूच्या मागच्या दाढेजवळ, आतल्या बाजूनं नख घालायचं, मग दुसरी बाजू, आणि पुढचा भाग शेवटी आपोआप सुटतो. डाव्या कडेनं जिभेला ओरखडा पडत होता, तेवढी कड त्यांनी भेटीत दोन मिनिटांत घासून दिली. नवा साचा रात्री झोपतानाच बदलायचा. दुखण्याचे पहिले सात-आठ तास झोपेत जातात. आणि तो घातल्यावर रबरी नळकांडं दहा मिनिटं चावायचं, म्हणजे साचा दातांना नीट भिडतो. दुखऱ्या दातांनी ते चावायचं जिवावर येतं, पण त्यानंच दाब मोकळा होतो.

खरी परीक्षा वेळेची. दिवसातले बावीस तास साचा तोंडात हवा, आणि तो असताना पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. गरम चहानं प्लास्टिक वाकडं होतं, शिवाय डाग पडतात. माझे चार चहा दोनवर आले, तेही जेवणाला लागूनच. मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नात साचा काढून पर्समध्ये ठेवला आणि सहा तास तसाच राहिला. रात्री घालताना नव्या साच्यापेक्षा जास्त दुखलं, वहीत ५ आहे. तो कागदी रुमालात गुंडाळू नका, पंगतीतले रुमाल गोळा करून टाकतात. डबी जवळ ठेवा.

बोलणं हा माझा धंदा, म्हणून ती धास्ती मोठी होती. 'चंद्र' आणि 'जीवन' ठीक यायचे, पण 'चमचा', 'जहाज', 'झाड' यांतले च, ज, झ उच्चारताना जीभ जिथं टेकते तिथंच प्लास्टिकची कड, त्यामुळे थुंकी उडून स सारखा आवाज यायचा. उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून वेळ मिळाला. रोज सकाळी अर्धा तास बालभारतीचं पुस्तक मोठ्यानं वाचायचे, सासूबाई ऐकून चूक सांगायच्या. तीन आठवड्यांत जीभ वळली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुलांच्या काही लक्षात आलं नाही. तुमचं काम बोलण्याचं असेल तर पहिला साचा सुट्टीत सुरू होईल असं बघा.

२२ जुलै २०२५ ला आठवा साचा संपला, २६ जुलैला उंचवटे काढले, आतली तार पुन्हा चिकटवली आणि तिच्यावरून घालायचा रात्रीचा रिटेनर मिळाला. पहिला आठवडा सकाळी तो काढताना दात हुळहुळायचे. एखादी रात्र राहिली तर दुसऱ्या दिवशी घट्ट बसतो, वहीत तेव्हा १ लिहिते. दोन रात्री अजून राहू दिलेल्या नाहीत.